कुटारवाले सर

आमच्या सरांनी आयुष्यभर ताऱ्याचा अभ्यास केला, आणि रात्री नऊच्या पुढे ते कधी जागे राहिले नाहीत. पुण्यात ही गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. थट्टा कसली डोंबलाची? साडेआठला जेवण, पावणेनऊला अंगणात शतपावली, नऊला घोरणं. दुर्बिणीला त्यांनी जन्मात डोळा लावला नव्हता. कोणी विचारलंच तर चिडायचे.

"माहा तारा उजेडाचा नाई, एक्स-रेचा हाय. एक्स-रे खाली येतच नाई, हवेत वरच्यावर अडकते. वर उपग्रह हाय, तो पाह्यते. मी काऊन जागू?"

त्यांच्या म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की पोरगा दवाखान्यात एक्स-रे काढतो. सर घरी आले की ती गुडघा पुढे करायची. सर पण न चुकता वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "चांगला हाय, माय." एका शाळेनं त्यांना आकाशदर्शनासाठी बोलावलं, तर सरांनी कार्यक्रम दुपारी चारला ठेवला आणि ऊन असतानाच आटोपून सहाच्या गाडीनं बुलढाण्याला परतले. पोरं बिचारी रात्रीच्या बोलीनं चादरी घेऊन आली होती.

कॉलेजात त्यांना सगळे कुटारवाले सर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते: सोयाबीन किंवा तूर थ्रेशरमध्ये घातली की एका तोंडातून दाणा पोत्यात पडतो, आणि दुसऱ्या तोंडातून भुसा भर्रकन उडून त्याचा ढीग लागतो. तो भुसा म्हणजे कुटार. ढोरं आवडीनं खातात. माणसाच्या अंगाला लागलं की आंघोळ करेपर्यंत खाजतं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला सर पहिल्या तासाला आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवी टेबलावर उलटी केली. कुटाराचा ढीग. पंखा चालू होता. पहिल्या दोन बाकांवरच्या आम्ही सगळ्या शिंकायला लागलो, आणि सर शांतपणे म्हणाले, "जगातले सगळे शास्त्रज्ञ दाणा मोजतात. हे कोणीच मोजत नाई. आपण हे मोजू."

मग त्यांनी जो तारा समजावून सांगितला, तो मला अजून तसाच दिसतो. एवढी पुस्तकं वाचली, पण डोक्यातून सरांचे बुढा आणि बुढी काही जात नाहीत. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. एक आपल्या सूर्यासारखा, चांगला अंगानं भरलेला, ती बुढी. दुसरा कधीच मेलेला, आकारानं एवढासा पण वजनानं जबर, म्हणजे कृष्णविवर, तो बुढा. बुढी आपल्या अंगचा वायू बुढ्याला वाढते. पण वाढलेलं सरळ त्याच्या तोंडात पडत नाही. ते त्याच्याभोवती गरगर फिरत राहतं आणि त्याची तबकडी होते.

"ताट म्हना," सर सांगायचे. "बुढी वाढून राह्यली, वाढून राह्यली, आन् बुढा ताटाले हात लावून नाई राह्यला. वर्षानुवर्षं. मंग एक दिवस बुढ्याले भूक लागते. असा तुटून पडते, असा तुटून पडते, का सारं ताट तापून लाल! तेव्हा एक्स-रे निंगतात. आन् जेवता जेवता बुढा अर्धं सांडते. आतलं वारं सुटते बाहेर. आता मले सांगा, त्यानं खाल्लं किती आन् सांडलं किती?"

हा एवढा एकच प्रश्न. त्यावर त्यांचं आयुष्य चाललं होतं. सरांचं म्हणणं होतं की त्यांचा तो विशिष्ट बुढा खातो त्यापेक्षा सांडतो जास्त. पण सिद्ध करायचं तर तो जेवायला बसलेला सापडायला हवा. तो शेवटचा जेवला तेव्हा सर एमएस्सीला होते आणि त्यांना मिशा फुटत होत्या. तेव्हापासून तो गप्प. पुढचं जेवण कधी, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

रोज सकाळी आंघोळ झाली की सर पंचा गुंडाळूनच कॉम्प्युटरसमोर बसायचे. बाकीचे लोक तुरीचा भाव पाहतात, तसे हे उपग्रहवाल्यांच्या वेबपानावर आपल्या ताऱ्याच्या एक्स-रेची रेघ पाहायचे. रेघ सपाट. "झोपेल हाय," म्हणजे झोपलेला आहे, असं मोठ्यानं सांगून मग ते कपडे घालायचे. आतून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा, "तुमच्या त्या बुढीचं ताट पाह्यता रोज. या बुढीनं वाढेल पोहे थंडे झाले ते पाहा आधी!"

आमचं वावर जानेफळला. एकदा दिवाळीच्या आधी सोयाबीन काढणं चाललं होतं आणि सर मेहकरच्या गाडीनं थेट आमच्या वावरात येऊन उतरले. बरोबर काकूंची चार लुगडी, सुतळी आणि वजनकाटा. थ्रेशरच्या कुटाराच्या तोंडाला लुगडी बांधायची, उडणारं सगळं कुटार त्यात धरायचं आणि दाण्याच्या वजनाशी ताडून पाहायचं, असा त्यांचा बेत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ होता, "या माणसाजवळ तू शिकते?" पण मास्तर माणूस दारी आलेला, नाही कसं म्हणणार? बाबांनी स्वतः सुतळी आवळून दिली.

यंत्र सुरू झालं. लुगडी फुगली, ताणली, आणि दोन मिनिटांत आतून असा काही आवाज आला की थ्रेशरवाला ओरडतच पळत आला. कुटार बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते आतच दाबून बसलं होतं. यंत्र गुदमरलं. दाण्याच्या तोंडातून पडणारी धारही बंद. थ्रेशरवाल्यानं सरांना ज्या शिव्या दिल्या, त्या मी इथे लिहीत नाही, माझ्या बाबांचं वय झालं आहे. पण सरांना एकही ऐकू गेली नाही. ते ढेकळांतून उड्या मारत होते. प्राध्यापक माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत कुटारानं माखलेला, आणि उड्या!

"पाह्यलं का? पाह्यलं का व पोरी? बाहेरचं तोंड बांधलं, तं आतलं बी पडनं बंद! बुढ्याच्या ताटातलं बी तसंच हाय. फिरनारं जे हाय ना, ते फिरनं कोनाले तरी देऊन टाकल्याशिवाय आत पडूच शकत नाई. कोनीतरी ते घेऊन बाहेर जा लागते. सारंच आत आलं पायजे म्हनान, तं काईच नाई येत!"

एवढ्यात सुतळी तुटली. तीन लुगडी उडून बाभळीवर जाऊन बसली. चौथं काकूंचं लग्नातलं होतं. ते थ्रेशरनं मागे ओढून घेतलं आणि चिंध्या करून परत दिलं. सर त्यानंतर आठ दिवस बुलढाण्याच्या खानावळीत जेवले, असं कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

मजा म्हणजे त्या वर्षी घरी माझाच विषय निघालेला होता. पुढे शिकायला पुण्याला पाठवायचं की नाही. आत्या, काका, सगळे एका बाजूला: एकुलती एक पोरगी, कशाला घराबाहेर? बाबा चार महिने काही बोलत नव्हते. त्या संध्याकाळी बाबा अंगावरचं कुटार झटकता झटकता आईला म्हणाले, "जाऊ दे तिले. तोंड बांधून काई फायदा नाई." मला रडूच आलं. बाबांना ताऱ्यातलं काही कळलं नव्हतं, पण थ्रेशर पक्का कळला होता.

मी पुण्याला आले आणि याच विषयात पीएचडीला लागले. सर निवृत्त झाले. रोज सकाळी त्यांचा निरोप यायचा, एकाच शब्दाचा: "झोपेल." मी हसायचे. सुट्टीत भेटायला गेले की ते हिशेब करायचे: आता उठला तर ठीक, नाहीतर तो उठेपर्यंत मी ऐंशीचा होईन, आणि ऐंशीच्या माणसाला नऊपर्यंत तरी कोण जागं राहू देतं? हसत सांगायचे. एवढ्या वर्षांचा एकच प्रश्न, तोही उत्तराशिवाय राहिला असता. मला त्यांची काळजी वाटायची.

मग मे महिन्यात सरांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, नांदुऱ्याला. ही भाची माझ्याच वर्गातली, म्हणून मीही आलेली. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. मुलीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा, आणि मामा म्हणजे आमचे सर. एकुलता एक मामा. दुसरा असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

साडेअकराला मी मंगल कार्यालयाच्या फाटकाशी रिक्षातून उतरते, तर सर समोरून धावत आले. डोक्यावर गुलाबी फेटा, अर्धाच बांधलेला. त्याचा शेमला मागे धुळीत लोळत होता आणि फेटेवाला तो धरायला मागून पळत होता.

"बुढा उठला व!" सर ओरडले. "उठला! रेघ उभी झाली! सकाळी पाह्यलं तं मोबाइल हातातून पडला!"

लग्नाला आलेल्या चार जणांनी हात जोडले. त्यांना वाटलं कोणी आजारी म्हातारा बरा झाला.

अडचण अशी होती. बुढा जेवताना बाहेर सुटणारा तो वारा थोडेच दिवस दिसतो. उपग्रहाला "आमच्या ताऱ्याकडे वळ" असं सांगायचं तर अर्ज भरावा लागतो, आणि पुढच्या चार दिवसांच्या वेळापत्रकासाठी अर्ज घ्यायची मुदत त्या दिवशी दुपारी साडेबाराला संपत होती. सरांनी मोबाइलवर तीनदा प्रयत्न केला होता. तीनही वेळा फॉर्म अर्ध्यात अडकला. मी लॅपटॉप पुण्याला ठेवून आले होते, लग्नाला लॅपटॉप कोण आणतं? मग आम्ही दोघं पळालो ते कार्यालयाच्या मागच्या गल्लीतल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात.

दुकानात उत्पन्नाच्या दाखल्याची, रहिवासाची, अशी रांग. गुलाबी फेटा पाहून दुकानदाराला वाटलं पुढारी आला, म्हणून त्यानं आम्हाला आधी घेतलं. रांगेतल्या एका आजोबांनी सरांना विचारलं, "कशाचा फारम हाय, साहेब?"

"ताऱ्याचा."

"आमचा बी भरून द्या मंग. सात-बारा हाय मह्याजवळ."

सर खुर्चीवर बसले. घाईत सगळी अक्षरं दोन-दोनदा पडत होती. मी त्यांना बाजूला करून टाइप करायला घेतलं. तारा कोणता, किती वेळ पाहायचा, सगळं भराभर होत गेलं. आणि मग लाल अक्षरात आलं की अर्जदाराचा ईमेल चालणार नाही. संस्थेचा ईमेल हवा. कॉलेजनं सर निवृत्त झाल्यावर त्यांचा ईमेल बंद करून टाकला होता, आणि हे त्यांना कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात मांडवातला कर्णा वाजला: "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!"

"सर, माझा ईमेल चालतो," मी म्हणाले. "पण मग मुख्य अर्जदार मी होईन. तारा माझ्या नावावर जाईल."

हे बोलायला मला किती जड गेलं, काय सांगू! सरांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटलं. रांगेतल्या लोकांनीही माना पुढे काढल्या. त्यांना फक्त एवढंच कळलं होतं की काहीतरी कोणाच्या तरी नावावर होणार आहे, आणि त्यातलं गांभीर्य आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

कर्णा पुन्हा: "मामांनी मुलीला घेऊन यावे! मुहूर्त जवळ येत आहे!" आणि त्याच्या मागोमाग गुरुजींच्या हातातून माइक हिसकावलेला सरांच्या बहिणीचा आवाज, नांदुरा स्टेशनपर्यंत जाईल असा: "दादा! तुहा तारा-बिरा चुलीत घाल आन् ये! पोरगी उभी हाय!"

घड्याळात बारा पंधरा.

सर उठले. फेटा सावरला. "काऊन पाह्यजे ते लिवायचं राह्यलं ना?" त्यांनी विचारलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "लिव: आजपर्यंत सर्वांनी आत काय पडते ते मोजलं. आमाले बाहेर काय जाते ते मोजायचं हाय. कारन का बाहेर गेल्याशिवाय आत पडतच नाई." मग म्हणाले, "इंग्रजी तुह्यं तू कर. आन् नाव तुह्यं टाक."

"सर, पण..."

"टाक म्हनलं ना! बुढा कोनाच्या नावावर जेवते, त्याले काय फरक पडते?"

आणि गेले. अर्ज गेला की नाही, ते न पाहता गेले. एवढी वर्षं रोज सकाळी पंचा नेसून रेघ पाहणारा माणूस! मी पुढचं टाइप केलं ते नाक पुसत पुसतच.

शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर चकरी फिरायला लागली. फिरते आहे, फिरते आहे, थांबायचं नाव नाही. दुकानदार म्हणाला, "सर्व्हर." त्यांच्या धंद्यात या एका शब्दात सगळं येतं. गल्लीपलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली, म्हणजे मामा पोचले होते. एक संपलं, "सावधान!" चकरी फिरतेच आहे. दुसरं संपलं, "सावधान!" रांगेतले आजोबा पुढे होऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "होते, होते," ते म्हणाले, "मह्या दाखल्याले बी अशीच फिरे." शेवटचं मंगलाष्टक संपत आलं आणि पडदा हिरवा झाला. अर्ज मिळाला. मुदतीला चार मिनिटं बाकी होती. अख्ख्या दुकानानं टाळ्या वाजवल्या. काय मंजूर झालं, ते कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी धावत मांडवात शिरले. अंतरपाट अजून धरलेला होता. भाचीच्या मागे गुलाबी फेटा ताठ उभा होता, नजर मात्र दाराकडे. मी लांबूनच मान हलवली. सरांनी हातातल्या सगळ्या अक्षता वर उधळल्या. "सावधान" अजून झालं नव्हतं. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही टाकल्या, आणि वाजंत्रीवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. गुरुजी इतके रागावले की त्यांनी शेवटची ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ते लग्न झालं साडेबाराला. संसार उत्तम चालला आहे.

उपग्रह वळला. वारं सापडलं. दोन वर्षं मी आकडेमोड केली, चार जणांनी तपासली, आणि उत्तर सरांचंच निघालं: बुढा खातो कमी, सांडतो जास्त. लेख लिहून झाला तेव्हा मी सरांचं नाव पहिलं टाकून तो बुलढाण्याला पाठवला. तो परत आला, नावांची अदलाबदल करून. मी फोनवर भांडले. म्हटलं, हे बरोबर नाही, विचार तुमचा, तारा तुमचा, वाट तुम्ही पाहिली.

"तुले लग्नातलं काई समजत नाई का व?" सर म्हणाले. "मामाचं काम काय? पोरीले मांडवापर्यंत आनून देनं आन् मांगं उभं राहनं. मामानं कधी हार घातला का?" आणि फोन ठेवला. नऊ वाजत आले होते.

गेल्या महिन्यात पुण्यात माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. बाबा पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. काकू त्यांच्या शेजारी. सभागृह अर्धं रिकामं. मी बोलायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की सर बसलेलेच नाहीत. ते माझ्या मागे, फळ्याच्या कडेला भिंतीशी ताठ उभे होते. डोक्यावर तोच गुलाबी फेटा.

परीक्षक बाहेरून आलेले, मोठे गृहस्थ. त्यांनी दोनदा तिकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून म्हणाले, "आपण बसा ना. खुर्च्या रिकाम्या आहेत."

"चालू द्या तुमचं," सर म्हणाले. "मामाले कार्य होईस्तोवर बसता येत नाई."

परीक्षकांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि पुढचं चित्र लावायला मला जरा वेळ लागला. दीड तास प्रश्न झाले. सत्तरीला टेकलेला तो माणूस दीड तास माझ्या मागे तसाच उभा होता. मग परीक्षकांनी निकाल वाचला, नावाआधी डॉक्टर लावून माझं नाव घेतलं, आणि त्याच क्षणी डोक्यावर काहीतरी पडलं. मला वाटलं अक्षता. केसांत हात घातला, तर बारीक, कोरडं, पिवळं. जानेफळचं, आमच्याच वावरातलं. थोडं परीक्षकांच्या कोटावरही गेलं, ते शिंकायला लागले.

मानेवर, पाठीत, सगळीकडे खाजत होतं. मी ते झटकलं नाही.